कमरेचं पिस्तूल कपडे फाडतंय, कातडी सोलतंय? कानस लावण्याआधी हे तपासा

उजव्या कुशीला, पट्ट्याच्या चार बोटं वर, बनियनला भोक पडतं. नवी बनियन आणली तरी पंधरा दिवसांत त्याच जागी पुन्हा भोक. शर्टाच्या आतल्या बाजूला काळपट रेघ उमटते. अंघोळीचं पाणी अंगावर घेतलं की कमरेवर झोंबतं आणि बघावं तर पातळ सालटं निघालेलं असतं. होल्स्टरच्या, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या कमरेच्या म्यानाच्या, तोंडाशी चामड्याचा बारीक भुसा साचतो. गाडीच्या सीटचं रेक्झिन एकाच जागी ओरबाडलेलं दिसतं. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढताना बोटांची पेरं खरचटतात, कधी नखाचा कोपरा उडतो.

यातलं काही होत असेल तर खालचं नीट वाचा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचं परवाना असलेलं शस्त्रदुरुस्तीचं दुकान आहे आणि हे एकच गाऱ्हाणं मी गेली बावीस वर्षं दुरुस्त करत आलोय. सराफ्यातले पेढीवाले, पेट्रोलपंपवाले, मुरारचे निवृत्त फौजी, सगळे एकच वाक्य घेऊन येतात: "दादा, याच्या सगळ्या कडा मारून द्या." मी ते लगेच कधी करत नाही. कारण काढलेलं लोखंड परत लावता येत नाही, आणि बहुतेक वेळा दुखणं पिस्तुलाच्या कडेत नसतंच. ते होल्स्टरमध्ये असतं, पट्ट्यात असतं, एखाद्या स्क्रूत असतं.

उन्हाळ्यात हा त्रास वाढतो. मे महिन्यात इथं पारा ४५च्या पुढं जातो, अंगावर एक बनियन आणि एक सुती शर्ट, त्यात घामानं कातडी मऊ पडलेली. उघडं लावून फिरण्याची सोयही नाही. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं असायला हवं. म्हणजे कापड त्याच्यावर घासणारच. प्रश्न एवढाच की नेमकं कशावर घासतंय.

कुठं लागतंय त्यावरून अर्धं कळतं

भोक बरगडीच्या खाली, वरच्या अंगाला असेल तर संशय मागच्या साइटच्या (नेम धरायच्या खाचेच्या) कोपऱ्यांवर किंवा स्लाइडच्या मागच्या टोकावर. कातडीवर आडवा ओरखडा असेल तर सेफ्टीचा खटका. मांडीच्या सांध्याजवळ लागत असेल तर होल्स्टरचं बूड उघडं आहे आणि नळीचं तोंड बाहेर डोकावतंय. शर्टाच्या बाहेरच्या पदराला, मुठीच्या बाजूनं दोरे ओढले जात असतील तर ग्रिपचा (मुठीवरच्या आवरणाचा) स्क्रू किंवा मॅगझिनचं (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीचं) बूड.

एक खूण मात्र वेगळी काढा. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या बेचक्यात दोन बारीक, समांतर चिरा असतील आणि त्या गोळी झाडल्यावरच आल्या असतील, तर तो कडांचा दोष नाही. मूठ फार वर धरली गेलीय आणि मागं येणाऱ्या स्लाइडचे दोन काठ हातावरून गेलेत. याला कानस लावून काही होत नाही, पकड बदलावी लागते. अमेरिकन फौजेच्या १९११ पिस्तुलात घोडाच (गोळी उडवायला आपटणारा मागचा भाग) मागं येऊन हाताला चावायचा. १९२०च्या दशकात त्यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती काढली तेव्हा मागच्या ग्रिप सेफ्टीची, म्हणजे मूठ आवळली की दबणाऱ्या खटक्याची, शेपटी लांब केली. हाताला आडोसा दिला, नुसती घोड्याची धार मोडत बसले नाहीत. दोष कुठला ते आधी ओळखलं म्हणून इलाज बरोबर झाला.

सगळ्यात आधी पिस्तूल रिकामं करा

पुढची प्रत्येक तपासणी रिकाम्या पिस्तुलावरच करायची. क्रम पाठ असेल तरी पुन्हा वाचा. बोट चापावर नाही, तोंड सुरक्षित दिशेला. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागं ओढायची, मग चेंबरमध्ये (नळीच्या मागं गोळी बसते त्या जागेत) डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीनं चाचपायचं. हा क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझिन आत असताना आधी स्लाइड ओढली, तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी आत जाते. बाहेर पडलेली बघून माणूस निश्चिंत होतो. माझ्या टेबलावर "रिकामंच आहे दादा" असं सांगून ठेवलेल्या पिस्तुलातून मी एकापेक्षा जास्त वेळा चेंबरमधली गोळी काढलीय. त्यांतले बरेचसे चांगले अनुभवी लोक होते. काढलेल्या गोळ्या आणि मॅगझिन दुसऱ्या खोलीत, कुलपात ठेवून या.

कापसाचा बोळा आणि शिंप्याचा खडू

दवाखान्यात वापरतात तो कापूस घ्या, लिंबाएवढा बोळा करा आणि पिस्तुलाच्या सगळ्या अंगावरून हलक्या हातानं फिरवा. जिथं तंतू अडकेल तिथं धार आहे. बोटानं तपासू नका. बोटाला कानशीची, स्टीलची सवय झालेली असते, त्याला बारीक बर, म्हणजे कडेला उठलेला धातूचा कंगोरा, कळत नाही. कापसाला कळते. जिथं जिथं अडकलं तिथं कागदावर खूण करा. मी पिस्तुलाचं साधं रेखाचित्र काढून ठेवलंय, त्यावर टिंबं देतो.

आता ही टिंबं सात-आठ आली तरी घाबरू नका. धार आहे म्हणजे ती लागतेच असं नाही. ते बघायला शिंप्याकडचा पांढरा खडू घ्या, त्या जागांवर घासा, गडद रंगाचा जुना शर्ट घाला आणि रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये लावून घरातल्या घरात तासभर वावरा. खाली बसा, जेवा, खुर्चीवरून उठा, बुटाची नाडी बांधा. मग शर्ट उलटा करून बघा. आठ टिंबांपैकी एखाद-दोनच शर्टावर उमटलेली सापडतील. तुमचा रोग तेवढाच.

खर्च जवळपास काहीच नाही. पण या एका तासानं मी कितीतरी पिस्तुलं कानशीपासून वाचवली आहेत, म्हणून दुकानात आलेल्या माणसालाही मी आधी घरी पाठवतो.

पट्टा, मग होल्स्टर

मऊ, फॅशनचा पट्टा पिस्तुलाचं वजन पेलत नाही. होल्स्टर कलतं, मूठ लोंबते आणि पिस्तुलाचा एखादा कोपरा कुशीत रुततो. म्हणजे धार पूर्वीचीच, पण आता ती दाबून धरली जाते. दोन पदरी, ताठ चामड्याचा, होल्स्टरच्या खाचेत घट्ट बसणारा पट्टा लावून आठ दिवस बघा. निम्मी दुखणी इथंच थांबतात.

होल्स्टरमध्ये आधी आत हात घाला. बाजारी होल्स्टरमध्ये वरची पट्टी बंद करायला टिच बटण असतं आणि त्याची मागची बाजू आतल्या अंगाला उघडी ठेवलेली असते. तिचा पत्रा फाटून नखासारखा वर येतो. दौलतगंजातले एक काका दोन वर्षं स्वतःच्या रिव्हॉल्वरला बोल लावत होते. त्यांच्या मुलानं होल्स्टर उलटं करून दाखवलं तेव्हा ओरखडा काढणारं ते बटण निघालं. चांभारानं त्याच्यावर चामड्याची टिकली चिकटवून दिली आणि काम संपलं.

मग उंची बघा. होल्स्टरची आतली, अंगाकडची बाजू स्लाइडच्या वरपर्यंत यायला हवी. चामड्याची ती जीभ तोकडी असेल तर साइट आणि सेफ्टी थेट बनियनवर येतात. चांगला कारागीर जुन्या होल्स्टरलाही जीभ जोडून देतो. तिची कड शिवून, मेण लावून गोल करून घ्या. बूड उघडं असेल तर ते बंद करून घ्या, पण तळाशी घाम आणि धूळ जायला एक भोक ठेवा. बंद बुडात पाणी साचलं की नळीच्या तोंडाला गंज चढतो.

होल्स्टर इतकं घट्ट की मॅगझिन सोडायचं बटण दाबलं जातंय, किंवा सेफ्टी आपोआप सरकतेय असं दिसलं, तर ते होल्स्टर त्या दिवसापासून वापरू नका. काही लोक यावर बटणच घासून खाली घ्यायला सांगतात. मी ते करत नाही. बटण जिथं आहे तिथं असायला कारण आहे, होल्स्टर बदलता येतं.

स्क्रू, ग्रिप, मॅगझिन

हे भाग सुटे आहेत, स्वस्त आहेत, आणि चूक झाली तर बदलता येतात. म्हणून स्लाइडच्या आधी यांचा नंबर.

ग्रिपचा स्क्रू चुकीच्या पेचकसानं फिरवला की त्याच्या खाचेचे काठ वर उठतात. ती बर ब्लेडसारखी असते. शर्टाचे दोरे ओढले जाण्यामागं माझ्या अनुभवात हे सगळ्यात मोठं कारण. नवा स्क्रू बसवा, तोही खाचेत पूर्ण भरणाऱ्या पात्याच्या पेचकसानं. दुकानात आम्ही जुन्याच स्क्रूची बर ऑइलस्टोनवर उतरवतो, पण ती सवय असेल तरच करा.

प्लास्टिकच्या किंवा लाकडी ग्रिपला तडा गेला असेल तर त्याची फट कापड आणि कातडी दोन्ही चिमटीत पकडते. तडा चिकटवत बसू नका, जोडी बदला. मॅगझिन फरशीवर पडून त्याच्या बुडाचा कोपरा दुमडला असेल तर तोही कापसात अडकतो. बूड ठीक करता येतं. पण वरचे ओठ, जिथं गोळी धरली जाते, तिथं वाक दिसला तर मॅगझिन बाजूला ठेवा. ते ओठ पक्कडीनं वाकवून सरळ केले की गोळी अडकायला लागते आणि तो दोष शोधायला मग वेगळे पैसे जातात.

गंज

आमच्या भागात निवडणूक आली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात. परत मिळतात तेव्हा पावसाळा मधून गेलेला असेल तर अंगावर तांबूस ठिपके असतात. हे ठिपके खरखरीत असतात आणि लोकांना वाटतं कडा तीक्ष्ण झाल्या. रोजच्या वापरातही घामातलं मीठ हेच करतं, आणि नेमकं अंगाकडच्या बाजूला.

मऊ कापडावर बंदुकीचं तेल घेऊन ठिपका भिजू द्या, रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. वरवरचा गंज निघून येतो. घरात यापुढं जायचं नाही. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, भांडी घासायची घासणी यांपैकी काही लावलं तर गंजाबरोबर ब्लूइंगही (पोलादावरचा गंजरोधक काळा-निळा थर) जातं, उघडं पोलाद राहतं आणि पुढच्या घामाला ते दुप्पट वेगानं गंजतं. नखाला खड्डा लागत असेल तर तो गंज आत गेलाय. तिथं थांबा, शस्त्रदुरुस्तीच्या मिस्त्रीला दाखवा. जमा करायची वेळ आली तर आत-बाहेर तेलाचा हात देऊन द्या, आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं.

इथून पुढं घरचा हात नाही

एवढं करूनही शर्टावर खडू उमटतोच आहे, आणि तो स्लाइडच्या, साइटच्या किंवा खटक्याच्या कडेचाच आहे, तर मग कड मोडायचं, म्हणजे तिची धार किंचित उतरवायचं, काम खरंच आहे. ते परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडूनच करायचं. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो. लेथवाला, वेल्डिंगवाला, मोटारमेकॅनिक कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात तुमचं पिस्तूल देणं हा तुमच्यावरही ओढवणारा गुन्हा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी कारण आहे. एका घरात भावानं हौसेनं हॅण्ड ग्राइंडर लावला होता. पिस्तूल माझ्याकडे आलं तेव्हा स्लाइडच्या कोपऱ्यावर पिवळसर-निळी झाक होती. पोलाद साधारण २२० अंश सेल्सियसच्या आसपास पिवळसर होतं, ३००च्या आसपास निळं. ज्या उष्णतेनं स्लाइडला कारखान्यात कडकपणा दिलेला असतो, तीच अशी गैरजागी लागली की तो उतरतो. त्या कोपऱ्याचं मी काही करू शकलो नाही. स्लाइड कारखान्याला दाखवा एवढंच सांगितलं.

हे काम हातानं, बारीक कानस आणि दगडानं, थंड पोलादावर होतं. पाव मिलिमीटर कड मोडली तरी कपडा अडकायचा थांबतो. अमेरिकेत १९११ जातीच्या पिस्तुलांना अख्ख्या अंगानं गोल करून घ्यायची पद्धत आहे, झिजलेल्या साबणाच्या वडीसारखं दिसेपर्यंत. तिथं त्यात वाकबगार कारागीर आहेत आणि सुटे भागही सहज मिळतात. आपल्याकडच्या ईशापूरच्या 'अशनी' पिस्तुलाला किंवा कानपूरच्या .३२ रिव्हॉल्वरला तसं करून घेऊ नका. जिथं खडू उमटला तेवढंच करा. मुळातच गुळगुळीत काय असतं ते बघायचं असेल तर कोल्ट कंपनीचं १९०३चं .३२ पिस्तूल बघा, जॉन ब्राउनिंगच्या आराखड्याचं. इथल्या जुन्या सरदार घराण्यांतून अजूनही एखादं तेलपाण्याला येतं. त्याचा घोडा स्लाइडच्या आत झाकलेला आहे, साइट बुटक्या आहेत, कपड्याला धरायला काही ठेवलेलंच नाही. ते आराखड्यात साधलंय, कानशीनं नाही.

मिस्त्रीला काय सांगायचं ते लिहून न्या. मागच्या साइटचे वरचे दोन कोपरे मोडा, पण डोळ्याकडची बाजू आणि मधली खाच चौकोनीच ठेवा. पुढच्या माशीचंही (पुढच्या साइटचंही) तसंच. तिथं गोलाई आली की उजेड चकाकतो आणि नेम धूसर होतो. स्लाइडच्या मागच्या खाचांची फक्त टोकं उतरवा. त्या पूर्ण सपाट झाल्या तर घामट हातातून स्लाइड सुटते, आणि पिस्तूल रिकामं करतानाच सुटली तर तो धोका कपड्याच्या भोकापेक्षा फार मोठा आहे. सेफ्टीच्या खटक्याची खालची कड मोडा, अंगठा बसतो तो भाग राहू द्या.

नळीच्या तोंडाची आतली कड, गोळी चढते तो उतार, स्लाइडच्या पट्ट्या, चेंबरच्या मागचा सपाट भाग आणि चापाची आतली यंत्रणा या जागांना कुणालाही हात लावू देऊ नका. नळीच्या तोंडाची कड एका बाजूनं जरी उतरली तरी गोळी सरळ जात नाही. आणि नंबर. शस्त्रावरचा क्रमांक किंवा कारखान्याची खूण पुसणं, बदलणं कलम ८ प्रमाणे गुन्हा आहे. कड नंबराला लागून असेल तर मी ते काम सरळ नाकारतो, गिऱ्हाईक रागावलं तरी.

फिनिशचं आधीच विचारा. कड मोडली की तिथं उघडं पोलाद येतं. बाटलीतल्या थंड ब्लूइंगचा हात दिला तर रंग जुळतो, पण ते घामाला टिकत नाही. पूर्ण भाग पुन्हा गरम ब्लूइंगमध्ये घालणं हा पक्का उपाय, खर्च जास्त. फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर तिच्यावरचा कडक थर मिलिमीटरच्या काही शतांशाएवढाच जाड असतो. खाली धातू मऊ. त्यावर कानस लावू नये असंच माझं मत आहे.

कडेऐवजी तडा दिसला, काढलेली बर महिन्याभरात त्याच जागी परत उठली, सेफ्टी लावूनही चाप हलतोय असं वाटलं, तर कडांचा विषय तिथंच सोडा. परत उठणारी बर म्हणजे आत लोखंडावर लोखंड आपटतंय. ते पिस्तूल झाडायचं नाही, लावून फिरायचंही नाही, थेट मिस्त्रीकडे किंवा कारखान्याकडे द्यायचं.

नेताना पिस्तूल रिकामं, पेटीत, परवान्याचं पुस्तक बरोबर. स्वतः जाता येत नसेल तर कलम ३ मध्ये सोय आहे: परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी शस्त्र नेऊ शकतो. नुसतं तोंडी सांगून मुलाला पाठवू नका. कानपूर-दिल्लीकडे न्यायचं असेल तर परवान्यावर लिहिलेलं क्षेत्र आधी बघा. दुकानात नोंदवहीत नोंद झाली की पावती घ्या, तिच्यावर नंबर तपासा.

परत मिळाल्यावर पिस्तूल पुन्हा रिकामं करून बघा, माझ्याकडून आलेलं असलं तरी. मग तोच कापसाचा बोळा, तोच खडू, तोच गडद शर्ट आणि एक तास. शर्ट कोरा निघाला तर तेलाचा हात द्या. खडू उमटला तर खुणा केलेला तो कागद घेऊन या, नवं टिंब जुन्या टिंबांच्या शेजारी ठेवून बघू.